वरवंट्याचं बारसं

...आन् वरून मलाच म्हणायली, “तुमाला फुलातलं काय कळतंय?” आता तुमीच सांगा, ज्या माणसानं सोताच्या घरात वर्ष वर्ष तोडलेल्या फुलांची राखण केली, शेरडाच्या तोंडातून काढली, उंदराला हाकललं, त्याला फुलातलं कळत न्हाई, तर मंग काय हैद्राबादच्या बागेतल्या माळ्याला कळतंय व्हय? हसू नका. तुमाला सांगतो, लगीन झालं त्या दिवशीच मी मनाशी ठरवलं व्हतं, की बायामाणसाच्या कामात पडायचं न्हाई. आपल्याला काय करायचंय? पर आमच्या मंडळीनं आजपतोर एकाबी कामातून मला बाहीर ऱ्हाऊ दिलं न्हाई.

मंडळी म्हंजे दगडाबाई. चारचौघात बायकोचं नाव घेऊ नये म्हणतेत, पर ही गोष्टच नावाची हाय, न घेता सांगू कशी? तर दगडाबाई. राणीसावरगावची लेक. आमच्या सासूबाई धुरपताबाई, त्यांची हिच्या आदीची लेकरं पाळण्यातच गेली बगा, एकबी ऱ्हायलं न्हाई. मंग सासूबाईनं इचार केला, की नाव असं वंगाळ ठिवायचं की न्हेणाऱ्याला न्ह्यावंच वाटू नये. दगड कोण उचलून न्हेतंय? दारात पडला तर पडून ऱ्हातो, येणारा जाणारा ठेचकाळतो, शिव्या देतो, पर घरी घेऊन जात न्हाई. ठिवलं दगडा. आन् जगली की! जगली म्हंजे कशी, अजूनबी कडब्याची पेंडी माझ्या आदी उचलती, आन् बिथरलेल्या बैलाच्या म्होरं निसती कमरंवर हात ठिवून उभी ऱ्हायली, तर बैलालाच वाटतं आपलं काय तरी चुकलं. तवापास्नं सासूबाईच्या डोक्यात ते पक्कं बसलं, नाव वंगाळ असलं की लेक टिकती.

पर ते नाव घेऊन ज्याला फिरावं लागतं त्याला इचारा ना! पाणवठ्यावर एखादी मालन, एखादी गुणवंता, आन् मधीच हाक येती, “ये दगडे!” आमच्या लग्नात मला उखाणा घ्या म्हणले. दुसऱ्यांच्या बायकांची नावं चांगली, त्यांना चांदी सुचती, सोनं सुचतं. मला काय सुचावं? मी म्हणलं, “शेताच्या बांधाला दगड रचले चार...” आन् पुढचं काय तोंडातून निगालं ते मलाच ठावं न्हाई, निम्मा मांडव लोळायला लागला. समदे हसले. एक ती हसली न्हाई. मान खाली घालून बसली व्हती, आन् हळदीच्या बोटानं सतरंजीचा धागा उपसायली व्हती. तो धागा अजून माझ्या ध्यानात हाय.

तर आता ऐका. हिला एक पाठचा भाऊ, बन्सीधर. त्याची बायको कमलबाई, आन् त्यांचा थोरला पोरगा भुजंग. भुजंगाच्या पाठीवर एक लेक झाली. आता लेकराच्या कानात नाव कोण सांगतं? आत्या. ते तर तुमाला ठावंच हाय, त्यात निजामसरकारचाबी हुकूम चालत न्हाई. आत्यानं पाळण्यात वाकायचं, कानाला तोंड लावून कुर्र करायचं, नाव सांगायचं, आन् बायांनी तिच्या पाठीत गुद्दे घालायचे. एकदा कानात गेलं ते नाव मंग जन्मभर. कमलबाईला आवड व्हती म्हणून हिनं मोठ्या हौसेनं नाव ठिवलं, गुलाब.

ते लेकरू पावसाळा सरंपतोर ऱ्हायलं न्हाई.

कुणी हिला बोल लावला न्हाई, खोटं कामून बोलू. पर सासूबाई भिताडाकडं तोंड करून येवढंच म्हणल्या, की गुलाब ठिवलं, तोडून न्हेलं. झालं! ते आमच्या मंडळीच्या काळजात जाऊन बसलं. घरी आली, आन् त्या दिवसापास्नं डोईत फूल घातलं न्हाई. मी एकदा गजरा आणला, तर तो तुळशीला घालून आली. मी म्हणलं, जाऊ द्या, आपल्याला काय करायचंय?

मंग काही साल गेले, आन् कमलबाईला परत दिवस गेल्याची खबर आली. संगं सासूबाईचा निरोप: लेक झाली तर नाव कडू. आत्यानं गपगुमान यावं, कानात कडू म्हणावं, घुगऱ्या खाव्या आन् माघारी जावं. निरोप घेऊन आलेला गडी भाकर खाऊन गेला, आन् ही चुलीम्होरं बसून ऱ्हायली. भाकर जळायली तरी हिचं ध्यान न्हाई. मंग माझ्याकडं न बगताच म्हणली, “मी दगडा झाले ते झाले. भावाच्या लेकीला कडू म्हणायचं माझ्या तोंडून व्हणार न्हाई. फुलाचंच नाव ठिवीन. पर औंदा असं फूल बगीन, जे टिकतं.”

आता तुमाला सांगतो, इतून माझ्या घराचा दवाखाना झाला. फुलांचा दवाखाना! उन्हाळ्यात तिनं मोगरा आणला, भिताडातल्या देवळीत ठिवला, आन् मला बसवलं राखणीला. शेरडू येऊ द्यायचं न्हाई, वारं लागू द्यायचं न्हाई, मला शिंकायचीबी बंदी. सांजच्याला मोगऱ्याचा चोथा झाला. ती म्हणली, हे न्हाई. मंग जाई. जाई तर आणता आणताच मलूल. ती म्हणली, हिच्या तर नावातच जायची घाई हाय, नगं. मी म्हणलं, कमळ? तर म्हणती, वैनीचं नाव कमळच हाय, माय-लेकीला एका हाकंत बोलवायचं का? झेंडू म्हणलं, तर म्हणती तो दसऱ्याला बैलाच्या गळ्यात असतो. केवडा म्हणलं, तर महादेवाला चालत न्हाई. मी आपला शेतकरी माणूस, मी म्हणलं करडीचं फूल घे, काय रंग असतो, तर माझ्याकडं असं बगितलं की मी उठून गोठ्यात गेलो. करडीला काटे असतेत, ते मी इसरलोच व्हतो.

बरं, पोरगा झाला तर? मी इचारलं की हे! तर म्हणती, पोराचं तुमी ठिवा, कायबी ठिवा. म्हंजे पोराच्या नावाची किंमत बगा.

मंग थंडी पडली. सोनपेठच्या बाजारात भागम्मा नावाची लिंगायताची बाई बसती, महादेवाच्या देवळाला फुलं घालती, तुमी बगितली असंल. आमची मंडळी तिच्या पाटीम्होरं जाऊन बसली, आन् उठंचना. बाजार भरला, बाजार फुटायला आला, मी वांगे घेतले, मीठ घेतलं, दोरखंड घेतलं, माघारी येऊन बगतो तर ह्या दोघी अजून बोलायल्याच. भागम्मानं हिला शेवंती दाखवली. तिची ती बोलायची ढब, एकेक शब्द पाटीत मांडल्यावानी. म्हणली, “ही थंडी खाऊन फुलती, ताई. पाणी कमी असलं तर रुसत न्हाई. तोडून ठिवली तरी देवाम्होरं दिवसच्या दिवस बसती. आन् मुळाला पिल्लं सोडती, एक लावली की दारात साऱ्या बहिणी.” ताई म्हणली तिला! दगडाबाई न्हाई, ताई. त्यावरच आमची मंडळी निम्मी इरघळली.

शेवंती देवळीत आली. आन् तुमाला काय सांगू... मी राखण करायलो, आन् फूल काय मान टाकंना. मोगऱ्याला एक दिवस, जाईला निम्मा, आन् ही बया आज बगावं तर तशी, उद्या बगावं तर तशी! पाकळ्या आपल्या एकाला एक धरून, जशा बाया फुगडीला हात धरतेत. रंग पिवळाधमक. आन् वास कसा, नाकात घुसणारा न्हाई, जवळ गेलं तरच सांगणारा. दिवस सरायले, मलाच तिची सवय झाली. शेतातून आलो की आदी देवळीत बगायचो. देवाला म्हणायचो, आज पडू देऊ नगं. मी! ज्याला फुलातलं काय कळत न्हाई तो!

आन् ते फूल देवळीत असतानाच राणीसावरगावचा माणूस आला, लेक झाली म्हणून. तिनं फूल उचललं, माझ्या डोळ्याम्होरं धरलं. कडेच्या पाकळ्या जराशा वाळल्या व्हत्या, मधला गेंद तसाच. निसती हसली. लग्नात न हसलेली बाई, सांगतो, त्या दिवशी हसली.

गाडी जुपली. फूल न्हाई न्ह्यायचं, भागम्माकडून आणलेलं शेवंतीचं अख्खं बेट न्ह्यायचं, मुळासगट, वल्ल्या गोणपाटात! गंगाखेडच्या चौकीवर जवानानं अडवलं, गोणपाट उघडायला लावलं. आत रोपटं. “इत्ते से फूल के वास्ते गाडी जोती?” असं म्हणून तो माझ्याकडं बगायला. आता त्याला काय सांगावं? मी म्हणलं, साहेब, माझं काय चालत न्हाई. तो काय समजायचं ते समजला, त्यालाबी घरी बायको असंल, सोडलं.

राणीसावरगावात गेलो तर सासूबाई दारातच. हिच्या हातातलं रोप बगितलं, आन् त्यांचा चेहरा उतरला. ओरडल्या न्हाईत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. निसतं म्हणल्या, “दगडे, एक गेलंय. मला दुसरं न्ह्यायला लावू नगं.” आन् हिचा हात धरून कबूल करून घेतलं, की पाळण्यात कडू म्हणशील. ही बगा, “म्हणते” म्हणली. मी गाडीजवळ उभा, मी ऐकलं. माझी तर येवढ्या महिन्यांची राखण पाण्यात गेली. राग आला व्हता मला, पर कुणाचा ते कळंना, कारण त्या माऊलीचं तरी काय चुकत व्हतं? ती भ्यालेली व्हती. मी म्हणलं, आपल्याला काय करायचंय?

बारश्याच्या दिवशी आड्याला पाळण्याची दोरी बांधायला मलाच चढवलं, आन् उतरून मी चौकटीशी टेकलो ते टेकलोच, म्हणून हे डोळ्यानं बगितलेलं सांगतो. आता बारश्याची रीत तुमाला ठावं हाय. पाळण्यात लेकराच्या आदी काय जातं? वरवंटा! पाट्यावरचा वरवंटा, धुवून पुसून, हळदकुकू लावून, टोपडं घालून, लेकरावानी पाळण्यात निजवायचा, मंग त्याच्या कडंला लेकरू. तसं केलं. एकाच दुपट्याखाली दोघं, इकडं वरवंटा, तिकडं लेकरू, वरून दोन्ही टोपडी सारखीच दिसायली. आमची मंडळी वाकली. सासूबाई पाळण्याला कान लावून बसलेल्या, काय म्हणती ते ऐकायला. आन् हिनं कुर्र करून चांगलं ठसठशीत म्हणलं, “कडू!” बायांनी गुद्दे घातले, धबाधबा, एक बाई तर जुना राग काढायली असं वाटलं. ही वाकलेलीच. आणखी जराशी पलीकडं सरकली, परत कुर्र केलं, काय तरी हळूच म्हणली, परत गुद्दे, आन् मंग कुठं कमरंला हात लावून उठली.

सासूबाईचा जीव खाली पडला. घुगऱ्या वाटायला घेतल्या. आन् कुणीतरी इचारलं, नाव काय ठिवलं? तर ही म्हणती, शेवंता.

सासूबाईच्या हातातलं सूप तसंच ऱ्हायलं. म्हणल्या, “आगं, मी सोता ऐकलं. कडू म्हणलीस.”

“म्हणले की,” आमची मंडळी म्हणली. “वरवंट्याच्या कानात. माय, तुजं खरं मानलं मी. न्हेणारा आला तर त्याला कडू न्हिऊ दे. हे लेकरू शेवंता हाय.”

तुमाला सांगतो, माझ्या अंगावर काटा आला व्हता, आन् हसूबी फुटायलं व्हतं. बन्सीधर मला म्हणला, दाजी, हे तुमी शिकवलं का? मी! मी म्हणलं, बाबा, मला आजपतोर तिनं काय इचारून केलंय? पर छाती माझी फुगली व्हती, ते आता लपवून काय उपयोग. कमलबाई पदर तोंडाला लावून रडायली, आन् पाळण्यातलं ते मुठीएवढं लेकरू जांभई देऊन वरवंट्याकडं तोंड करून निजलं.

पर गोष्ट संपली म्हणताव? सासूबाईनं पोरीचं नावच घेतलं न्हाई. तिला ‘ती’ म्हणायच्या. आन् पोरगी चालायला लागली तवा गोवर निगाला. आमाला खबर आली, मी बैलाला पळवलं तसं जन्मात पळवलं न्हाई, आन् ही गाडीच्या कडेचं साटं दोन्ही हातांनी धरून बसली. मला ठावं व्हतं तिच्या मनात काय चाललंय. परत एक फूल आपल्या तोंडानं तोडलं, हेच. काय म्हणावं अशा येळंला? मी म्हणलं, शेवंती थंडी खाऊन फुलती, भागम्मा म्हणली व्हती. ती माझ्याकडं सरकून बसली.

जाऊन बगतो तर काय! सासूबाई पोरीच्या उशाला. आन् पोरीच्या कडंला, वाकळंत गुंडाळलेला, टोपडं घातलेला वरवंटा! आन् सासूबाई त्याच्यावर हात ठिवून म्हणायल्या, “ही कडू हाय. हिला न्ह्या. माझी शेवंता न्हवं, ही घ्या, ही कडू.” पयल्यांदा नाव घेतलं त्यांनी. आमची मंडळी उंबऱ्यातच बसली. मंग मायलेकी दोन्ही कडंनी बसल्या, एक पोरीवर हात ठिवून, एक वरवंट्यावर. ताप उतरला. पोरगी उठून बसली आन् पयलं काय केलं, तर वरवंट्याचं टोपडं ओढून सोताच्या डोक्यावर घातलं.

तवापास्नं त्या घरात वरवंट्याला कडूच म्हणतेत. “आगं, कडूला घेऊन ये, मिरच्या वाटायच्या हायेत.” पाव्हण्याला वाटतं कुणी सून हाय.

आन् शेवंता? मी सांगत न्हाई, मला फुलातलं कळत न्हाई ना! पर कुणीबी सांगंल. दारात त्या बेटाच्या पिल्लांनी अंगण भरलं, आन् मधी ही पोरगी. पाणवठ्यावर “शेवंता” अशी हाक आली की म्हाताऱ्यासुदा वळून बगतेत, की अशा नावाची पोरगी दिसती कशी. आन् दिसती बी तशीच. उभी ऱ्हायली तर सरळ, बोलली तर नीट, राग धरत न्हाई, दमत न्हाई. लग्नात जावयानं उखाण्यात नाव घेतलं, काय गोड बसलं ते नाव! मी आमच्या मंडळीकडं बगितलं. ती माझ्याकडं बगत व्हती. बांधाचे दगड आमा दोघांलाबी आठवले व्हते.

आता औंदाचं सांगतो, ज्यावरून मी बोलायलोय. भुजंगाच्या बायकोला दिवस गेले. आता आत्या कोण? शेवंता! पर आमची मंडळी गप बसंल का? परत दवाखाना उघडला. परत देवळी, परत शेरडू, परत मी. औंदा म्हणं आबोली. वजन न्हाई, तोरा न्हाई, सुकली तरी रंग धरून ऱ्हाती. मी म्हणलं, ही आबोली जरा फिक्की पडली बरं का, तर म्हणती, तुमाला फुलातलं काय कळतंय! ऐकलंव का? वर्षाच्या राखणीचा पगार हा!

भुजंगाला लेक झाली. परत राणीसावरगाव, परत दोरी बांधायला मीच, आता गुडघे दुखतेत तरी मीच. पाळण्यात कडू वरवंटा, कडंला लेकरू. सासूबाई पार थकलेल्या, कानाला ऐकू येत न्हाई, पर पाळण्याजवळची जागा सोडली न्हाई. हिनं शेवंताला आदीच बजावून ठिवलं व्हतं, आबोली म्हणायचं. शेवंता वाकली, कुर्र केलं, म्हणली, “आबोली.” गुद्दे पडले. आमची मंडळी माझ्याकडं बगून अशी मान हलवायली, की बगा, जमलं. तर शेवंता वाकलेलीच! जराशी पलीकडं सरकली, परत कुर्र केलं, आन् काय तरी हळूच म्हणली. मी चौकटीला घट्ट धरलं. म्हणलं, हे तर आपण बगितलेलं हाय.

नाव काय ठिवलं इचारलं, तर म्हणती, दगडा.

आमच्या मंडळीचं तोंड पांढरं पडलं. म्हणली, आगं, मी काय सांगितलं व्हतं तुला? तर शेवंता तिच्या म्होरं बसली, हात हातात घेतला आन् म्हणली, “आबोली म्हणले की आत्या. वरवंट्याच्या कानात. मला फूल दिलं ते दगडाबाईनं दिलं. कुण्या फुलानं न्हाई दिलं. माझ्या भाच्चीला तुज्यावानी व्हऊ दे.”

ज्या नावापायी ती बाई जन्मभर मान खाली घालत आली, ते नाव तिच्या भाच्चीनं आपणहून, लाडानं, मुठीएवढ्या लेकराच्या कानात सांगितलं. बैलाम्होरं न हटणारी आमची मंडळी, चारचौघात ढसाढसा रडली. आन् मीबी... मला चुलीचा धूर लागला व्हता. सासूबाईला कुणीतरी कानात वरडून नाव सांगितलं, तर त्या म्हणल्या, मी पयल्यापास्नं म्हणायले, दगडा नाव लय चांगलं.

माघारी येताना गाडीत ही म्हणली, ऐकायला बरं वाटतंय न्हवं, दगडा? मी म्हणलं, मला तर लग्नापास्नंच बरं वाटतंय, तूच इचारलं न्हाईस. तर लाजली! ह्या वयात! आन् दुसऱ्या दिवशी उठून म्हणती, गाडी जुपा, माझ्या नावाची पोरगी काय करायली बगून येऊ.

तवा येतो बगा. बैल सोडायचेत. एक दगडाबाई वागवता वागवता दाढी पिकली, आन् आता दुसरी पाळण्यात हातपाय झाडायली. तिचंबी हेच व्हणार, तीबी कुणाचं ऐकणार न्हाई... आन् तिला जो कुणी नवरा मिळंल त्याला आत्ताच सांगून ठिवावं म्हणतो, की बाबा, शेरडू लांब बांध. पर जाऊ द्या, आपल्याला काय करायचंय?